परक्या कोर्टावर सांगलीचं भडंग

माझं एक जुनं मत आहे. बास्केटबॉलचा संघ बसमध्येच हरतो, कोर्टावर नुसता निकाल जाहीर होतो. आयुष्यभर शाळेत पीटी शिकवली, मुलींचे संघ घेऊन गावोगाव हिंडले, तेव्हा हे मत मी घरात सोफ्यावर बसून बनवलेलं नाही.

निवृत्त झाल्यावर हात शिवशिवायला लागले म्हणून मी सांगलीतल्या जुन्या खेळाडू गोळा केल्या. चाळिशी ओलांडलेल्या नऊ बायका. कुणी बँकेत, कुणी दुकानात, एक दातांची डॉक्टर, एकीचा द्राक्षाचा मळा. सकाळी कोर्टावर आलं की गुडघ्यांविषयी बोलायला बंदी, हा माझा पहिला नियम. घरच्या कोर्टावर आम्ही कुणालाही ऐकत नाही. कोल्हापूरकरणींना हरवलं, पुणेकरणींना तर दोनदा. पण स्पर्धा बाहेरगावी असली की आमचं काहीतरी बिनसायचं. साखळी सामने झोकात जिंकायचे आणि बाद फेरीत, ज्याला हल्ली सगळे प्लेऑफ म्हणतात, तिथे माती खायची. नाशिकला तेच, मडगावला तेच, गेल्या वर्षी हैदराबादलाही तेच.

हैदराबादची मॅच आपल्यामुळे गेली, असं नंदाचं म्हणणं. नंदा आमची कॅप्टन आणि माझी मैत्रीण. अगदी शेवटी तिला दोन फ्री थ्रो मिळाले होते. फ्री थ्रो म्हणजे समोर अडवायला कुणी नाही, रेषेवर उभं राहून निवांत बॉल टाकायचा. तिचे दोन्ही हुकले आणि आम्ही एका गुणाने हरलो. मी तिला म्हटलं, रात्रभर बसमध्ये मान मोडून झोपलेल्या बाईचा हात सरळ जाईलच कसा? पण तेव्हापासून सरावात फ्री थ्रोची वेळ आली की ती बुटाची नाडी बांधायला खाली वाकायची, ते मला दिसत होतं.

मग दुबईचं बोलावणं आलं. तिथल्या काही हौशी मंडळींनी चाळिशीपुढच्या बायकांची स्पर्धा ठेवली होती. संघातल्या सगळ्या हरखल्या. नंदा मात्र संध्याकाळी एकटीच माझ्या घरी आली.

"शैला," ती म्हणाली, "तू दर वेळी प्रवासाला दोष देतेस, म्हणून मी अजून खेळते. पण आता विमान आहे. पुण्यातून बसलं की तीन तासांत उतरायचं. या वेळी बाद फेरीत हरलो तर प्रवासाचं निमित्त नाही. खोट माझ्यातच आहे असं समजेन आणि थांबेन."

"बघू की," मी म्हटलं. पण आतून मी हलले होते. नंदा थांबली तर संघ थांबणार, आणि खरं सांगायचं तर सकाळी उठायचं माझं कारणच जाणार. या वेळी प्रवासाला आपल्या संघाच्या वाटेत येऊ द्यायचं नाही, असं मी तिथेच ठरवलं. मी एकदा ठरवलं की ठरवलं.

गुरुवार, शारजा

तयारीत मी काही कमी ठेवलं नव्हतं. दुबई म्हणजे ऊन, म्हणून महिनाभर भर दुपारी सराव घेतला. कोकम सरबत पाजलं, डोक्याला ओला पंचा बांधून पळायला लावलं. विमानात कुणी किती पाणी प्यायचं आणि कुणी कधी उठून फेऱ्या मारायच्या हे आधीच सांगून ठेवलं. नंदाला खिडकीची जागा देऊन झोपवलं. उतरलो तेव्हा नऊच्या नऊ जणी ताज्यातवान्या होत्या. मी मनात म्हटलं, जिंकलं.

पण एक गोष्ट माझ्या हिशेबात नव्हती, ती सामानाच्या पट्ट्यावरून फिरत आमच्याकडेच येत होती.

सांगलीतून कुणी दुबईला चाललंय ही बातमी लपत नाही. दूधवाल्यापासून दातांच्या पेशंटपर्यंत सगळ्यांचं कुणी ना कुणी तिथे असतं. "एवढंसं आहे हो, पिशवीत कुठेही मावेल" असं म्हणत लोक येतात. एवढंसं म्हणजे भडंगाची पाकिटं, मेतकूट, थालीपिठाची भाजणी, घरची हळद, बेदाणे, शेंगदाण्याची चटणी, एका सुनेसाठी पाटवड्यांचं पीठ, एका जावयासाठी चपला. कांदा-लसूण मसाला मात्र प्रत्येकीला विचारून घेतला, कारण त्यात खसखस असते आणि खसखस त्या देशात अजिबात चालत नाही. एक लाडवांचा डबा त्यापायी मी दारातूनच परत पाठवला. बाकीच्यांना नाही म्हणता आलं नाही. नाही म्हणायला तोंड कुठे होतं, माझ्याच बॅगेत माझ्या विहिणीच्या बहिणीचं भडंग होतं.

आमचा मुक्काम शारजात होता, अल मजाजमध्ये, माझी भाची अपर्णा आणि तिचा नवरा समीर यांच्याकडे. निम्म्या जणी समोरच्या फ्लॅटमधल्या जोगळेकरांकडे. दोन्ही घरांनी दार उघडं ठेवून मधला पॅसेज आपला करून टाकला होता. चौदाव्या मजल्यावरच्या बाल्कनीतून खाली खालिद लगून नावाच्या खाडीचं पाणी दिसतं, भोवती उंच बिल्डिंगा, आणि काठाकाठाने संध्याकाळी चालणारे लोक. आमच्या कृष्णेच्या घाटासारखंच, फक्त म्हशी नाहीत, असं मंगल म्हणाली. मंगल आमची सगळ्यात उंच खेळाडू, माहेर कागलकडचं, त्यामुळे ती बोलते पुरुषासारखं आणि उडीही तशीच मारते.

समीर ऑफिसमधून आला तेव्हा आमची झोपायची वेळ झाली होती. तिकडे घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे आणि जेवण आपल्यापेक्षा पुढे.

"सॉरी मावशी, मीटिंग होती, मग ब्रिजवर ॲक्सिडेंट, फुल जाम," तो टाय सोडत म्हणाला. "जेवलात ना? नाही? अपर्णा, यल्ला, चल, वाढ सगळ्यांना."

त्यांची मुलगी इरा बारा वर्षांची. मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीतच. ती आमच्या बॅगांकडे बघत होती.

"मम्मा, आर दे शिफ्टिंग हिअर?"

"नाही गं, तीन दिवसांसाठी आल्यात," अपर्णा म्हणाली.

"देन व्हाय सो मच पीठ?"

सगळ्या जणी आपापल्या पिशव्या मोजत होत्या.

शुक्रवार, ऊद मेथा

पहिली मॅच संध्याकाळी होती, दुबईतल्या ऊद मेथामधल्या एका भारतीय शाळेच्या हॉलमध्ये. सकाळी मी सगळ्यांना हलकं जेवून दुपारी झोपा असं बजावलं. तेवढ्यात एकेकीचे फोन वाजायला लागले. "आलात का? आमचं पार्सल आणलंत का? मग कधी येताय?"

"शैलाताई, पाच मिनिटांत देऊन येतो मी," मंगल म्हणाली. तिच्या शेजारणीचा मुलगा दत्ता तिकडे मुहैस्नाहच्या कामगारांच्या वस्तीत राहतो, त्याच्या आईने चटणी-भाकरी आणि एक स्वेटर दिला होता.

"मावशी, इथे पाच मिनिटांत कुठेच जाता येत नाही," अपर्णा म्हणाली. "आज फ्रायडे, हाफ डे. सगळे एकदम बाहेर पडतात. एकदा इत्तिहाद रोडवर अडकलात की खलास."

मी तिचं ऐकायला हवं होतं. पण आईने मुलासाठी दिलेल्या भाकऱ्या शिळ्या होत चालल्या होत्या, तिथे पीटी शिक्षिकेचं काय चालणार? एकामागून एक सगळ्या बाहेर पडल्या. मीही पडले, भडंग घेऊन.

आपल्यात पार्सल दिलं आणि निघालो असं नसतं. दारातून पिशवी देऊन वळणं म्हणजे भांडण करून आल्यासारखं वाटतं. आत बसायचं, पाणी घ्यायचं, सांगलीचा पाऊस, सांगलीचे रस्ते, कुणाचं लग्न ठरलं ते सांगायचं. मग घर बघायचं, बाल्कनी बघायची, समुद्र दिसत असेल तर तो दिसतो असं म्हणायचं आणि नसेल तर तेही. मग खाणं. सांगलीत पाहुण्याला सुटका असते, शेजारी कुणी आलं की निसटता येतं. तिथे शेजारी फोन केल्याशिवाय येत नाही, त्यामुळे पाहुणा पुरता सापडतो. डॉक्टर बाईंनी एका घरी साबुदाण्याची खिचडी खाल्ली, दुसऱ्या घरी शिरा, तिसऱ्या घरी समोसे आणि तिथला घट्ट गोड कडक चहा. मला विहिणीच्या बहिणीने उकडीचे मोदक वाढले. शुक्रवारी, चतुर्थी नसताना. मी येणार म्हणून.

मंगलची तर कमालच झाली. तिची टॅक्सी तासभर रांगेत उभी राहिली. मुहैस्नाहला पोचली तर दत्ता साइटवर. तिने वस्तीच्या फाटकाजवळच्या किराणा दुकानाशी वाट बघितली, फोन लावला, तो उचलेना. शेवटी पार्सल तसंच काखेत मारून ती परस्पर हॉलवर आली, तेव्हा मॅचचा दुसरा डाव सुरू झाला होता.

"सत्तर दिरहॅम गेले," ती धापा टाकत म्हणाली. "म्हणजे सतराशे रुपये झाले की ओ! आणि भाकरी हितंच."

"आधी बूट घाल," मी म्हटलं.

बूट घालूनही उपयोग नव्हता. हॉल म्हणजे नुसता फ्रीज. महिनाभर मी त्यांना उन्हात भाजून काढलं होतं आणि इथे एसी असा की दातावर दात वाजत होते. थंडीने सांधे आखडलेले, पोटं टम्म भरलेली, आणि समोर फिलिपिनो बायकांचा संघ. बुटक्या, चपळ, हसऱ्या. आमच्या काखेखालून बॉल नेत होत्या आणि जाता जाता सॉरी म्हणत होत्या. हरलो, आणि किती गुणांनी ते सांगत नाही.

नंदा शेवटपर्यंत झगडली. मॅच संपल्यावर गुडघ्याची पट्टी गुंडाळत बसली होती. मी जवळ गेले तर म्हणाली, "साखळीची मॅच आहे, हरकत नाही. पण तुझं काय ते आत्ताच सांगून ठेव. आज कशाने हरलो? विमानाने का?"

तेवढ्यात फिलिपिनो संघाची कॅप्टन ग्रेस एक मोठा डबा घेऊन आली. शेवयांसारखं काहीतरी होतं, वर लिंबाच्या फोडी. आम्ही शाकाहारी म्हटल्यावर तिने डब्याची एक बाजू दाखवली, ती बिनमांसाची. माझ्याने राहवलं नाही. मी तिला माझं सगळं मत ऐकवलं, की आम्ही लांबून आलोय, प्रवासाने संघाची ताकद कशी निम्मी होते. तिने नीट ऐकून घेतलं. मग सांगितलं की ती अबू धाबीत दुकानात कामाला आहे, सकाळपासून उभी होती आणि दोन बस बदलून इथे आली.

"सेम सेम, मॅम," ती हसून म्हणाली आणि माझ्या हातात काटा दिला.

शेवया चांगल्या होत्या. बोलणं मात्र लागलं, रात्री जेवतानाही आठवत होतं.

जेवताना फोन पुन्हा सुरू झाले. अर्ध्याहून जास्त पार्सलं अजून आमच्याकडेच होती. "उद्या येताय ना? आम्ही डोसे करतोय." "परवा सकाळी या, नाश्त्यालाच या." रविवारी सकाळी सेमीफायनल होती, आणि तिथे आम्ही पोचणार यात मला शंका नव्हती. माझं डोकं फिरलं. मी अपर्णाला म्हटलं, तुमच्या त्या सांगलीकरांच्या ग्रुपवर माझा निरोप टाक. मी सांगते तसाच टाक.

निरोप असा होता: ज्यांचं सामान आमच्याकडे आहे त्यांनी रविवारी सकाळी ऊद मेथाच्या हॉलवर यावं. सामान मॅच संपल्यावर मिळेल. त्याआधी कुणालाही काहीही मिळणार नाही. घरी येणार नाही. चहा नको.

अपर्णाचे डोळे पांढरे झाले. "मावशी, असं कसं लिहू? लोकांना वाईट वाटेल गं. निदान 'चहा नको' तरी काढू या."

"तेच महत्त्वाचं आहे," मी म्हटलं. "टाक."

नंदा समोर बसून ऐकत होती. हैदराबादनंतर मी तिला पहिल्यांदा मोठ्याने हसताना पाहिलं.

शनिवार, लगूनच्या काठी

सकाळी सगळी पार्सलं जप्त करून बाल्कनीत रचली. हळदीचा वास घरभर सुटला. मग सगळ्यांना घेऊन लगूनच्या काठाने चालायला गेले. हवा आपल्या दिवाळीसारखी गार, पाणी अगदी स्थिर. एक अरब आजोबा मांजरांना खाऊ घालत बसले होते, त्यांनी आमच्याकडे बघून छातीवर हात ठेवला. आम्ही नमस्कार केला. जोगळेकरबाई सांगत होत्या की बावीस वर्षं झाली, पण कुठे राहता विचारलं की तोंडातून अजून 'सध्या शारजा' असंच निघतं.

परत आल्यावर थंडीचा बंदोबस्त केला. दोन्ही घरांतली सगळी कपाटं उपसली. त्या वाळवंटात त्यांच्याकडे इतके स्वेटर कशाला, तर म्हणे ऑफिससाठी. दुपारच्या मॅचआधी मी सगळ्यांना शाली, स्वेटर, कानटोप्या घालून बिल्डिंगच्या पॅसेजमध्येच सूर्यनमस्कार घालायला लावले. बिल्डिंगचा राखणदार, त्याला तिथे नातूर म्हणतात, वर बघायला आला. केरळचा माणूस. थोडा वेळ बघून त्याने लिफ्ट आमच्यासाठी अडवून धरली.

दुसरी साखळी मॅच अबू धाबीच्या शिक्षिकांशी होती. पोटं हलकी, अंगं गरम, कुणाच्या हातात पिशवी नाही. सहज जिंकलो आणि सेमीफायनलला पोचलो. मी नंदाकडे बघून भुवया उडवल्या. म्हटलं, पाहिलंस, प्रवास नीट सांभाळला की काय होतं ते.

"साखळी आपण नेहमीच जिंकतो," ती म्हणाली. "उद्याचं बोल."

संध्याकाळी आयोजकांनी सेमीफायनलच्या जोड्यांसाठी चिठ्ठ्या टाकल्या. आमच्या वाट्याला पुन्हा ग्रेसचाच संघ आला. त्यांचा फोन आल्यावर मी हे सांगितलं तेव्हा नंदा बाल्कनीत पार्सलांच्या ढिगाशेजारी उभी होती. ते ऐकून ती लवकर झोपायला गेली.

रविवार, पुन्हा ऊद मेथा

मी पार्सलं आमच्या बाकाच्या मागे ओळीने लावली, नावं वर येतील अशी. मग समोर पाहिलं तर माणसं येत होती.

मला वाटलं होतं चार-दोन येतील, बाकीचे रागावतील. निम्मी गॅलरी भरली. सांगली, मिरज, तासगाव, विटा. पोरंबाळं घेऊन, थर्मास घेऊन आले होते. चहा नको म्हटल्यावर त्यांनी चहाच इकडे आणला होता. मुहैस्नाहहून दत्ता आला, इस्त्रीचा शर्ट घालून, खोलीतल्या तिघांना बरोबर घेऊन. रविवारी त्यांना सुट्टी असते. ते सगळ्यात वरच्या पायरीवर अवघडून बसले होते. मंगलने त्याला बघून तिथूनच हाक मारली, "दत्ता, भाकरी न्यायची हाय, जाऊ नको!"

पहिल्या डावात सगळे फोनमध्ये तोंड घालून होते. दुसऱ्या डावात पांढऱ्या केसांच्या एक आजी थेट माझ्याकडे आल्या. मुलाकडे राहायला म्हणून आलेल्या, मूळच्या मिरजेच्या.

"अहो, माझं मेतकूट कुठल्या पिशवीत आहे?"

"आजी, मॅच संपल्यावर."

"मला फक्त बघायचंय, आलंय का ते."

"आलंय. तुम्ही इथे बसा," म्हणून मी त्यांना आमच्याच बाकावर बसवलं आणि एक शाल दिली. वाद घालायला मला वेळ नव्हता.

मॅच अटीतटीची चालली होती. ग्रेसच्या बाजूनेही तिच्या मैत्रिणी ढोलकं वाजवत होत्या, एकीने तर कढईच आणली होती. ते ऐकून दत्ताच्या दोस्तांपैकी एकाला स्फुरण चढलं असावं. तो बिहारचा, सांगली कुठे आहे हे त्याला माहीत असण्याचं कारण नाही. तो उठून दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडला, "सांगली, सांगली!" मग दत्ता उठला. मग त्यांच्या खालची रांग. मग पोरं, आणि मग ज्यांना फक्त भाजणी पाहिजे होती ते सगळे. समीर टाळ्या वाजवत उभा होता, इरा बाकावर चढली होती आणि पहिल्यांदाच मराठीत ओरडत होती, "पळ, पळ, पळ!"

मी आयुष्यात खूप मॅच बघितल्या, पण परक्या गावात आपल्या गावाचं नाव इतक्या गळ्यांतून ऐकलं नव्हतं. माझे डोळे भरून आले. बाईंनी रडायचं नसतं, म्हणून मी मंगलवर ओरडले, "हात वर!"

शेवटचं मिनिट. आम्ही एका गुणाने मागे. नंदा बॉल घेऊन आत घुसली आणि ग्रेसचा हात तिच्या मनगटावर पडला. शिट्टी वाजली. दोन फ्री थ्रो.

हैदराबादच पुन्हा समोर उभं राहिलं. नंदा रेषेवर गेली आणि नाडी बांधायला खाली वाकली. नाडी बांधलेलीच होती. ती सरळ झाली, पंचांनी तिला बॉल दिला, आणि हॉल असा गप्प झाला की एसीचा आवाज ऐकू येत होता. नंदाने बॉल एकदा आपटला, दोनदा आपटला, पण टाकेना. तिचे खांदे कानांपर्यंत गेले होते.

माझ्या शेजारून मेतकूटवाल्या आजींनी, घरात बोलावं तशा आवाजात, म्हटलं, "सावकाश टाक गं पोरी. आम्हाला काही घाई नाही."

सगळ्या हॉलने ते ऐकलं. कुणीतरी हसलं. नंदाने वळून बघितलं, आजींकडे, मग त्यांच्यामागच्या पिशव्यांकडे, मग वरपर्यंत भरलेल्या गॅलरीकडे. तिचे खांदे खाली आले. पहिला बॉल रिंगला न लागता जाळीतून गेला. दुसरा रिंगवर बसला आणि जरा विचार करून आत पडला.

उरलेले काही सेकंद फिलिपिनो बायकांनी हल्ला केला, बॉल सुटला, मंगलने उडी मारून तो छातीशी धरला आणि शिट्टी वाजेपर्यंत सोडला नाही. नंतरही सोडेना, तिच्या हातातून काढून घ्यावा लागला. ग्रेसने येऊन नंदाला मिठी मारली. माझ्याजवळून जाताना म्हणाली, "लाँग ट्रॅव्हल, मॅम, बट व्हेरी बिग फॅमिली."

मग पार्सलांचं वाटप. ते मॅचपेक्षा दमवणारं निघालं. आजींनी मेतकूट हातात घेऊन पिशवी उघडून वास घेतला, डोळे मिटले आणि मग मुलाबरोबर गेल्या. दत्ताने भाकऱ्या कडक झाल्यात की नाही ते बोटाने बघितलं. "कडकच बऱ्या लागतात," तो म्हणाला आणि चौघे तिथेच पायरीवर बसून चटणीशी खायला लागले. मी नंदाला शोधलं तर ती कोपऱ्यात शाल पांघरून बसली होती.

"मला पोरी म्हणाल्या," ती म्हणाली. "पन्नाशीला आले गं मी." आणि रडायला लागली. मी शेजारी बसून राहिले.

संध्याकाळी फायनल झाली. समोर दुबईतल्या मल्याळी बायकांचा संघ होता. त्यांच्यातल्या काही जणी कॉलेजात असताना राज्याकडून खेळलेल्या. ज्यांचं सामान मिळालं होतं त्यांनी खरं तर घरी जायला हवं होतं, पण बरेच जण पुन्हा आले, या वेळी रिकाम्या हातांनी. आम्ही खूप धावलो, नंदाने सगळ्यात जास्त बास्केट केले आणि तरी स्वच्छ हरलो. मी सवयीने तोंड उघडलं, "सकाळचीच मॅच, त्यात पाय..."

"शैला, गप्प बस," नंदा म्हणाली. "त्या चांगल्या खेळल्या. आता प्रवासाला नावं ठेवू नकोस."

मी पाण्याच्या बाटल्या गोळा करायला लागले. पण फायनलही बाद फेरीतलीच, आणि हरलो तर थांबेन असं ती म्हणाली होती. ते तिला आठवत होतं की नाही, हे विचारायचा मला धीर झाला नाही.

सोमवार, परतीची वाट

रिकाम्या झालेल्या बॅगा पुन्हा भरल्या होत्या. खजूर, बदाम, पोरांसाठी चॉकलेटं, कुणाच्या आईसाठी गुडघ्याला लावायचं मलम, आणि दत्ताने आईसाठी दिलेलं एक ब्लँकेट, ते मंगलने पोटाशी धरलं होतं. विमानात मी कुणाला पाणी प्या म्हटलं नाही, फेऱ्या मारायला सांगितलं नाही. माझं मत मी सोडलेलं नाही. संघ प्रवासात हरतो हे खरंच आहे. फक्त प्रवासात कोण कोण भेटतं हे मी त्यात धरलं नव्हतं, ते आता धरते.

पुण्याहून गाडी निघाली. साताऱ्याच्या पुढे चहाला थांबलो तोवर नंदा खिडकीला डोकं टेकून बसली होती. ती थांबते म्हणाली तर काय म्हणायचं, याची मी मनातल्या मनात तालीम करत होते. एकही वाक्य धड जमत नव्हतं.

चहाचा कप हातात घेतल्यावर तिने विचारलं, "पुढच्या वर्षीची कुठे आहे?"

"मस्कतला म्हणतायत," मी म्हटलं. "अजून नक्की नाही."

तिने दोन घोट घेतले. समोर रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर गेला, तो दिसेनासा होईपर्यंत बघत राहिली.

"मस्कतला आपल्याकडचं कोण कोण आहे, ते आत्तापासून विचारून ठेव," ती म्हणाली. "आणि कुणाचंही पार्सल नाही म्हणू नकोस."

मी तिथेच फोन काढला आणि विहिणीला लावला.